हंहंबाई

साहेबांनी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"हं," असा माझा आवाज त्यांच्या टेबलावरच्या स्पीकरमधून आला. मग तो फुलवाला बोलायला लागला. सकाळपासून लाइट नाही, शीतपेटीत फुलं भरलेली आहेत, उद्या पहाटे मोठी ऑर्डर जायची आहे. मी मधे मधे, "हं... हो ना... अरे बापरे... हं." पुन्हा तो, पुन्हा मी. सात मिनिटांच्या त्या फोनमध्ये मी एकेचाळीस वेळा हुंकार दिला होता. हा आकडा साहेबांचा. त्यांनी कागदावर रेघा मारून मोजला होता, पाच-पाचच्या जुड्या बांधून. माणसाला रिकामा वेळ असला की काय काय सुचतं!

"आता इथे ऐका, मॅडम," साहेब म्हणाले. वयाने माझ्या भाच्याएवढे, पण खुर्ची साहेबाची. "तो विचारतोय, संध्याकाळपर्यंत येईल ना लाइट? आणि तुम्ही?"

"हं," स्पीकर म्हणाला.

"याचा अर्थ काय?"

"ऐकतेय, बोला पुढे, असा," मी म्हटलं.

"आणि त्याला काय वाटलं असेल?"

दाराशी उभ्या असलेल्या दोन-तीन पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. साहेबांनी फुलवाल्याचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. त्यात एक ओळ होती. 'बाई हो म्हणाल्या म्हणून मी बर्फ आणला नाही.' लाइट आली दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर सगळी फुलं काळी पडली होती.

ती ओळ मी दोनदा वाचली. साहेब रागावले याचं मला काही नव्हतं. पण त्या माणसाने माझ्या आवाजावर भरवसा ठेवला होता, आणि मी फक्त सवयीने हुंकारत होते.

मी वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात एकतीस वर्षं फोनवर बसले. लोक चिडलेले असतात, घामाघूम असतात, घरात कोणी आजारी असतं. त्यांना तोडायचं नाही, बोलू द्यायचं. मी मधे 'हं' म्हणत राहिले की माणूस हळूहळू खाली उतरतो, शिव्या संपतात आणि मग नीट पत्ता सांगतो. ऑफिसात मला हंहंबाई म्हणत. मला त्याचा राग नव्हता. उलट कुणाचा फोन फारच भडकला की सगळे माझ्याकडेच ढकलत, "घ्या, हा तुमच्यासाठी."

त्या दिवसानंतर साहेबांनी परिपत्रक काढलं. फोनवर चारच वाक्यं बोलायची. नमस्कार, ग्राहक क्रमांक सांगा, तक्रार नोंदवली आहे, धन्यवाद. मधे चकार शब्द नाही. मी कानाला खडा लावला आणि चार दिवस दातांवर दात ठेवून ऐकलं. पण लोक मधेच थांबत. "हॅलो? हॅलो? आहात ना?" एक म्हातारे गृहस्थ तर रडवेले झाले. "ताई, फोन ठेवला का हो?" पाचव्या दिवशी माझ्या तोंडून हं निघालाच. महिनाअखेर माझी बदली झाली, रेकॉर्ड रूममध्ये. चार भिंती, लोखंडी कपाटं आणि गठ्ठे. तिथे हं म्हणायलाही कोणी नव्हतं.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं, कानांना आराम."

हे कारखान्यात लेथवर. मशीनचा आवाज एवढा की तिथे माणसं खुणांनीच बोलतात, आणि ती सवय घरापर्यंत आलेली. दोन बोटं वर म्हणजे चहा. तळहात आडवा म्हणजे नको. आमच्या लेकीने एकदा विचारलं होतं, बाबांनी तुला मागणी घातली तेव्हा कोणतं बोट दाखवलं?

आराम कसला! एकतीस वर्षं जे एकच काम आपल्याला येतं असं वाटत होतं, ते काम नसून खोड होती, असं सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं. रेकॉर्ड रूममध्ये फायली लावता लावता मी मनात तेच घोळवत बसे. आपण ऐकत होतो की नुसतं ऐकल्याचं सोंग करत होतो?

रेकॉर्ड रूमची एक गोष्ट चांगली होती. पाच म्हणजे पाचला सुटका. ऑफिससमोर रस्ता ओलांडला की विद्यापीठाची परकीय भाषांची इमारत. एकतीस वर्षं ती मी खिडकीतून पाहिली होती, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. एका संध्याकाळी फलकावर वाचलं, जपानी भाषा आणि संस्कृती, संध्याकाळचा वर्ग, वयाची अट नाही. आत गेले.

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म दिला आणि विचारलं, "मुलीसाठी का?"

"नाही, माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी?" त्याने माझ्याकडे, मग माझ्या डब्याच्या पिशवीकडे पाहिलं. "फ्रेंच सोपं जातं हो. जपानी कशाला?"

आता त्याला काय सांगू? मी खरं तेच सांगितलं. "आपल्या भाषेत एकतीस वर्षं तक्रारी ऐकल्या. जिच्यात मला कोणी एकही तक्रार सांगितलेली नाही, अशी भाषा शिकायचीय."

तो हसला, पण शिक्का मारला.

वर्गात बत्तीस जण, त्यातले एकतीस माझ्या लेकीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर सगळे उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मीच शिकवणारी. मी मागच्या बाकावर जाऊन बसल्यावर एकच हशा पिकला, आणि तेव्हापासून मी सगळ्यांची काकू झाले. शिकवणाऱ्या बाई जपानहून आलेल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, केस कानापर्यंत कापलेले. जपानीत शिक्षकाला सेन्सेई म्हणतात, म्हणून आम्हीही सेन्सेई म्हणत असू. त्या आमची भाषा छान बोलत. एकेक शब्द धुऊन, पुसून ठेवल्यासारखा.

शिकणं काही सोपं नव्हतं. साधी अक्षरं कशीबशी जमली, पण कांजी म्हणून त्यांची जी चित्रासारखी अक्षरं असतात, तिथे माझं घोडं अडलं. एकेका अक्षराला बारा-पंधरा रेघा, त्याही ठरलेल्या क्रमाने. रात्री दहा पाठ करावीत, सकाळी दोन उरावीत. पालथ्या घड्यावर पाणी. लेक फोनवर म्हणाली, "आई, साठी आली की बुद्धी नाठी म्हणतात, तुला अजून सात वर्षं आहेत, आत्तापासून कशाला प्रॅक्टिस करतेस?" पहिल्या चाचणीत मी वर्गात शेवटची आले. पहिली आली ती माझ्याच बाकावरची एक शेलाटी, चष्मा लावणारी मुलगी. तिला सगळे पहिला नंबर म्हणत. तिला कांजी एकदा पाहिली की येत.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. सेन्सेई आपल्या लहानपणाबद्दल जपानीत सांगत होत्या, सोपं सोपं करून. वर्ग अगदी शांत. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, मोठं माणूस बोलताना मधे तोंड घालू नये. सगळी पोरं हाताची घडी घालून पुतळ्यासारखी बसली होती. सेन्सेई बोलता बोलता थांबल्या. पुस्तक मिटलं आणि आमच्या भाषेत म्हणाल्या, "मी एक विचारू? तुम्ही एवढे गप्प का बसता?"

कोणाला काही कळेना. पहिला नंबर म्हणाली, "आम्ही ऐकतोय, सेन्सेई."

"मला कसं कळणार? आमच्याकडे ऐकणारा माणूस सारखा काहीतरी म्हणतो. हाइ. ए-ए. सोउ देसु का, म्हणजे असं होय? तो गप्प बसला तर आम्हाला वाटतं, फोन कट झाला. इथे आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, या मुलांना मी आवडत नाही. घरी जाऊन रडायचे." त्या हसल्या, पण ते खरं होतं हे दिसत होतं. "मग आता मी का थांबले, सांगू? कारण आज पहिल्यांदा मला एक आवाज ऐकू आला. मागच्या बाकावरून."

एकतीस माना माझ्याकडे वळल्या. म्हटलं, झालं, इथेही रेकॉर्डिंग लावतात की काय! मी उभी राहून म्हटलं, "सॉरी सेन्सेई, सवय आहे. पुन्हा नाही होणार."

"पुन्हा नाही?" सेन्सेई माझ्या बाकापाशी आल्या. "तुम्ही अगदी बरोबर जागी 'हं' म्हणत होता. हे कुठे शिकलात?"

सगळ्या वर्गासमोर डोळ्यांत पाणी आलं माझ्या, वेड्यासारखं. मग त्यांनी समजावून सांगितलं. या हुंकाराला जपानीत आइझुची म्हणतात. दोन लोहार समोरासमोर उभे राहून एकच तापलेलं लोखंड ठोकतात, एकाचा घाव, मग दुसऱ्याचा, तालात. त्यातल्या दुसऱ्याचा घाव म्हणजे आइझुची. तो चुकला तर पहिल्याचा हात थांबतो. आणि त्यांचा 'हाइ' म्हणजे दर वेळी 'मान्य आहे' असा नसतो, कधी नुसता 'ऐकतेय' असाही असतो.

"पण मग घोटाळे होत नाहीत?" मी विचारलं. मला फुलवाला आठवला होता.

"होतात की," सेन्सेई म्हणाल्या. "परदेशी लोकांना वाटतं आम्ही हो म्हणालो. म्हणून शेवटी प्रश्न आला तर हाइवर भागत नाही. तिथे उत्तर द्यायचं."

ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

पुढच्या आठवड्यापासून वर्गात हुंकाराचा सराव सुरू झाला. जोड्या लावल्या. काय तो गोंधळ! पोरं नंदीबैलासारख्या माना हलवत होती. पहिला नंबर तर घड्याळ लावल्यासारखी दर तीन सेकंदांनी हाइ म्हणत होती. समोरचा सांगतोय, माझी सायकल चोरीला गेली, आणि ही हसऱ्या चेहऱ्याने, "हाइ!"

"काकू, मला नाही जमत हो," ती वैतागून म्हणाली. "नेमकं कुठे म्हणायचं? काहीतरी नियम असेल ना?"

"नियम कसला, बाई? समोरचा श्वास घेतो ना, तिथे. त्याच्या मधे घुसायचं नाही, पण त्याला एकटं सोडायचंही नाही. आणि हसतेस कशाला? सायकल गेलीय त्याची!"

त्या दिवसापासून आमचा सौदा ठरला. ती मला कांजी शिकवणार, मी तिला ऐकायला. कँटीनमध्ये चहा घेत ती मला रेघा गिरवायला लावायची, चुकले की पेन्सिल हातावर मारायची. मग मी म्हणायची, आता तू बोल, मी दाखवते. असं करता करता ती एकदा सांगून गेली की तिला पहिलं येण्याचा कंटाळा आलाय आणि घरी कोणाला हे सांगायची सोय नाही. मी हुंकार देत राहिले. सल्ला मागितला नव्हता, दिला नाही.

वर्ष संपत आलं. लेखी परीक्षेत मी काठावर अडकले. कांजीने घात केला. आता तोंडी परीक्षेत चांगले गुण पडले तरच दुसऱ्या वर्षाला प्रवेश, नाहीतर रामराम. पुन्हा पहिल्यापासून बसायची मुभा नव्हती, नियमच तसा होता. मला तर वाटत होतं, इथूनही नापास होऊन निघाले तर साहेबांचंच खरं ठरणार. ही बाई नुसती हं म्हणते, बाकी काही नाही.

तोंडीचे तीन भाग. एक, धडा मोठ्याने वाचणे. दोन, पाच ठरलेले प्रश्न. तीन, आणि हा या वर्षी सेन्सेईंनी नवा घातला होता, विद्यार्थ्याने परीक्षकांना एक प्रश्न विचारायचा आणि त्यांना पाच मिनिटं बोलतं ठेवायचं. सगळ्या पोरांनी एकच प्रश्न पाठ केला, आपला छंद कोणता? मीही तोच केला.

सराव कुणाबरोबर करायचा? घरी हेच. मी ह्यांना समोर बसवलं. "तुम्ही पाच मिनिटं काहीही बोला. आपल्याच भाषेत. मी जपानीत हुंकार देते."

"काय बोलू?"

"काहीही. मनात असेल ते."

हे हसले. "लोकांच्या फोनवर एवढं हं हं करायचीस. मी बोलायचो तेव्हा कुठे जायचा गं तुझा हं?"

सहज म्हणाले, चिडून नाही. पण वर्मी बसलं. खरंच होतं ते. मी घरी यायची ती कान भरून यायची. हे काही सांगायला लागले की एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची. त्यांच्या खुणांची सवय मी कारखान्याच्या नावावर खपवत होते. काही वाटा माझाही होता त्यात.

"आता बोला," मी म्हटलं.

आधी मशीनचं बोलले, मग नव्या फोरमनचं. मी "हाइ", "ए-ए", "सोउ देसु का." दोघांनाही हसू येत होतं. मग हसणं थांबलं, आणि हे म्हणाले, "दोन महिन्यांनी रिटायर होतोय. सकाळी उठून जाणार कुठे, काही सुचत नाही. एवढ्या आवाजाची सवय झालीय, घरातली शांतता मला सोसेल का? भीती वाटते गं." मी जपानी विसरले. नुसती "हं" म्हणाले. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, आम्ही जेवायचंही विसरलो.

परीक्षेच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा ग्लास. सेन्सेई कोपऱ्यात गुणपत्रिका घेऊन बसल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे एक जपानी आजोबा. इथल्या पंपांच्या कारखान्यात सल्लागार म्हणून आले आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले, एवढं पोरांकडून कळलं होतं. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

धडा वाचला, तीनदा अडखळले. पाच प्रश्नांतले चार जमले. मग आजोबांनी हात पुढे करून खूण केली, आता तुम्ही विचारा.

मी सरसावून बसले. समोर माणूस, मधे टेबल, आणि तो बोलायची वाट पाहतोय. एकतीस वर्षांची सवय अशी कुठे जाते? पाठ केलेला छंद कुठल्या कुठे उडाला आणि माझ्या तोंडून निघालं, "दोऊ शिमाशिता का?"

म्हणजे, काय त्रास आहे?

अगंबाई! डॉक्टर पेशंटला विचारतो ते वाक्य. कोपऱ्यात सेन्सेईंचं पेन थांबलं. आजोबा चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले, मग मोठ्याने हसले. "काय त्रास?" त्यांनी स्वतःशीच म्हटलं. हसू ओसरलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. आणि खरंच सांगायला लागले.

ते भरभर बोलत नव्हते, पण मला दहातले तीन शब्द कळत होते. घर. दार. मागच्या वर्षी. बायको. मी श्वास बघून हुंकार देत होते. बायको हा शब्द आला आणि त्यांचा आवाज खाली गेला, तिथे मी काहीच म्हटलं नाही. कुठे हं म्हणायचं नाही हे कळायला भाषा लागत नाही. ते पुढे बोलले. मी पुन्हा "ए-ए" म्हटलं. हात मांडीवर ठेवून ते सांगत राहिले, आणि मग वाक्य शेवटी वर चढलं आणि थांबलं. प्रश्न होता. ते माझ्याकडे बघत होते.

त्या प्रश्नातलं मला एक अक्षर कळलं नव्हतं.

हाइ म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पाच मिनिटं झालीच होती, आजोबा खूश होते, सेन्सेईंनी मान डोलावली असती. जिभेवर आलंही होतं. पण तो माणूस उत्तराची वाट बघत होता, आणि माझ्यापुढे त्या पत्रातली ओळ उभी राहिली. बाई हो म्हणाल्या म्हणून. म्हटलं, नापास तर नापास. पुन्हा कोणाचा बर्फ मी अडवणार नाही.

"सुमिमासेन," मी म्हटलं. "वाकारिमासेन." माफ करा, मला कळलं नाही. मग अडखळत, मोडकं तोडकं जोडून सांगितलं, मी ऐकत होते. पण थोडंच कळलं. पुन्हा एकदा सांगाल का?

मला वाटलं, संपलं. आजोबांनी ग्लासमधलं पाणी घोटभर घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगितलं. या वेळी कळलं.

जपानी घरात बाहेरून येणारा माणूस दारातून म्हणतो, तादाइमा. म्हणजे, आलो हं. आतलं माणूस म्हणतं, ओकाएरी. आलास? ये. बायको गेल्याला वर्ष झालं. आजोबा अजूनही दार उघडलं की तादाइमा म्हणतात, रिकाम्या घराला. मुलगी फोनवर ओरडते, बाबा, सोडा हे आता, शेजारी वेडं म्हणतील. त्यांचा मला प्रश्न होता, सोडून देऊ का?

याचं उत्तर मला माझ्या भाषेतसुद्धा नीट देता आलं नसतं. आणि इथे माझ्याजवळ होते पहिल्या वर्षाचे शब्द. नका असं सांगायला आम्ही पाट्यांवरून शिकलो होतो, सिगारेट ओढू नका, इथे गाडी लावू नका. तेच वाक्य मी घेतलं आणि त्यात दुसरं क्रियापद घातलं.

"यामेनाइदे कुदासाइ," मी म्हटलं. कृपया सोडू नका.

आजोबा मान खाली घालून बसले.

"हाइ," ते म्हणाले.

त्यांचा तो हाइ 'ऐकलं' असा होता की 'बरं' असा, मी विचारलं नाही. सेन्सेईंनी घड्याळ पाहिलं. पाचाच्या जागी अकरा मिनिटं झाली होती, आणि बाहेर पहिला नंबर आपल्या पाळीची वाट बघत ताटकळली होती. मी उठले, वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली. खोलीतून निघताना म्हणायचं वाक्य वेगळं असतं, ते मी घोकून ठेवलं होतं. पण आपण घरातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो. चुकून म्हणा, मुद्दाम म्हणा, दारात वळून मी म्हणाले, "इत्ते किमासु."

हे घरातून निघतानाचं. जाऊन येते.

आजोबा खुर्चीतून उठले. टेबलाला हात टेकून, सावकाश, पण पूर्ण उभे राहिले. परीक्षकाने उठायचं काही कारण नसतं. घरात मागे राहणारं माणूस जे म्हणतं ते ते म्हणाले, स्पष्ट आवाजात. "इत्तेराश्शाइ."

जाऊन ये.

कोपऱ्यात सेन्सेईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि मान वर न करता आमच्या भाषेत म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षाचा वर्ग सोमवारी असतो. साडेपाच वाजता. उशीर करू नका."